चिठ्ठीत निघालेला जिल्हा

लोहोकरे मॅडमनी बरणीत चिठ्ठ्या टाकल्या.
सानिकाला समुद्राकाठचा जिल्हा, निषादला द्राक्षांचा.
मला क्रोझ. नंबर तेवीस.
"अगं, तिथं काही नाहीच," मॅडम हळहळल्या,
लोक वाघोलीबद्दल म्हणायचे ना,
सोसायट्या उठायच्या आधी, तसंच.

डेक्कनपासून बसमध्ये वाचत आले.
सतराशे नव्वदमध्ये जुने प्रांत मोडले,
नवे जिल्हे पाडले, त्यांना नद्यांची नावं दिली.
ही नदी अरुंद, खोल घळीतून जाणारी.
गायी. झड. चेस्टनटची झाडं.
जमीन हलकी, राय पिकते,
म्हणजे वेल्ह्याकडची नाचणी समजा.
म्हणून मार्च लागला की गडी निघत,
पाठीला हत्यारं, पायात लाकडी जोडे,
पॅरिसपर्यंत चालत, तीनशे किलोमीटरच्या वर,
दुसऱ्यांच्या हवेल्या बांधायला.
एका खोलीत दहा जण.
थंडी पडली की परत.
मधली शेती, मधली बाळंतपणं
बायकांची.

मान वर केली तर
आमचा थांबा मागे गेलेला.

रात्री बाबांना वाचून दाखवलं, मराठीत करत करत.
हणमंत अलकुंटे, बेचाळीस वर्षं खाणीत.
सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,
"दगड कुठला?"
ग्रॅनाइट, बाबा.
"मग छिन्नी रोज शेवटावी लागत असंल.
आपला काळा बरा. त्याला शीर असती."
बराच वेळ गप्प. मग,
"मजुरी रोजावर, का ब्रासवर?"
ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी माझी दहा मिनिटं.
बाकीच्यांच्या पडद्यावर किल्ले, चीज, लॅव्हेंडर.
मी सांगितलं: माणसं सव्वाशे वर्षांत निम्म्याहून कमी.
रेल्वे आली, गेलेले परतेनासे झाले.
पॅरिस उभं आहे,
आणि तिकडं घरांची कुलुपं गंजतायत.

"नावाचा अर्थ काय?" निषाद.
पोकळ, मी म्हटलं. कोशात बघितलं होतं.
"क्रियापदही आहे," मॅडम म्हणाल्या. "चालव बघू."
फळ्याकडे पाठ करून मी चालवलं.
मी खणते.
तू खणतोस.
ती खणते.
आम्ही खणतो —
इथे आवाज जरा जास्तच चढला.
सानिकानं वहीतून वर बघितलं.

घरी बाबा दारातच.
"किती मिळाले?"
वीसपैकी सतरा.
"बरं. आन् मजुरीचं?
कळलं का काय?"