हीर

पेटंट मंजूर झाल्याची जाहिरात निघाली
त्याला तीनशे एकेचाळीस दिवस झाले. उरले चोवीस.
हे मी मोजतो, कारण विरोधाचा अर्ज मी टाइप करतोय,
देवगडच्या कोर्टासमोरच्या टपरीत.

पेटंट होडीच्या बुडाला फासायच्या लेपावर.
मुशीच्या काळजाचं तेल, राळ, चुना,
‘बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर अंशांवर एकजीव केलेले मिश्रण.’
तारामुंबरीत लोक आधी हसले.
मग कंपनीची नोटीस आली.

वकील सोलकरबाई म्हणाल्या, हसू हा पुरावा नव्हे.
नवीन नाही म्हणता, तर जुनं कुठे लिहिलंय दाखवा,
नाहीतर उघड्यावर वापरलंय ते,
नाहीतर जाणत्या माणसाला सहज सुचलं असतं, एवढं तरी.

जाणता माणूस!
अख्खी किनारपट्टी जाणती,
पण तारखेसकट कोणीच जाणत नाही.
कुजल्या त्या होड्या गेल्या,
टिकल्या त्यांच्यावर दरसाल नवा हात बसला,
जुना पुरावा नव्याखाली.

सोसायटीच्या माळ्यावर वही मिळाली, वाळवीने अर्धी खाल्लेली:
‘सन ६८. कुबल. मुशीतेल डबे चार, राळ, चुना’
पुढचं पान नव्हतं.
जिन्नस सापडले. अंश नाहीत.

म्हणून येसू खवणेकरणीच्या खळ्यात चूल मांडली.
वय विचारलं तर म्हणाली, लिव काय ता.
माडाचा हीर तेलात बुडवला, काढला,
बुडवला, काढला.
‘हिराक फेस इलो की चुनो. तेल कढला तर फुकट.’
सोलकरबाईंच्या हातात शाळेतून उसना आणलेला थर्मामीटर.
फेस आला.
चौऱ्याहत्तर.
पुन्हा केलं, पंचाहत्तर. पुन्हा, चौऱ्याहत्तर.
येसू वैतागली. तेल काय फुकट येतं?

प्रतिज्ञापत्र तिथेच वाचून दाखवलं.
अंगठा उमटेना, तेलकट कातडीवर शाई धरेना.
राखेने घासला, रॉकेलने पुसला,
तिसऱ्या खेपेला उमटला. त्याच्या शेजारी
आधीचे दोन राहिले, बिनशाईचे,
कागद उजेडाकडे धरला तरच दिसणारे.
नोटरी म्हणाला, पान बदला.
बाई म्हणाल्या, असू दे.

त्यांचे वकील म्हणतील,
आजचा फेस हा कालचा पुरावा नाही.
खोटं नाही ते.

पोस्टातल्या पोराने लिफाफा नाकापासून लांब धरला.
आत काय, सुकी मासळी?
कागद, म्हणालो.
त्याने पावती फाडून दिली,
तारखेसकट.