सहा आकडे

तू निघालीस त्या दिवशी
जुना बटणांचा फोन माझ्या हातात ठेवलास, आपलं इंदूरचं सिम घालून.
म्हणालीस, हा बंद पडू देऊ नका, बँकेचे मेसेज यावरच येतात.
देवाच्या दिव्याबद्दलही तू एवढं बजावलं नव्हतंस.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलाय तो.
तिथेच रेंजच्या दोन दांड्या येतात,
बाकी घरभर एक, तीही लाजत.

तुझं बेट मी नकाशात शोधलं.
ग्रेनाडा. चष्मा काढून, पुन्हा लावून.
पोह्यांवरून जिरावणाचा एक कण खाली सांडावा, एवढंसं.
नचिकेत म्हणतो, मावशी, इथे जायफळं झाडाखाली पडलेली असतात.
आणि इथे आपण एक जायफळ सहा महिने पुरवतो,
बासुंदीला दोनदा किसून पुन्हा कागदात गुंडाळून.

तिथल्या सिममध्ये सात दिवसांचं नेट.
पहिल्या दोन दिवसांतच तू ते उधळलंस:
बसमधलं गाणं, मासळीबाजार, कुणाची तरी बकरी,
प्रमिला खांडेकर टोपीत,
प्रमिला खांडेकर टोपीशिवाय.
तिसऱ्या दिवसापासून हात आखडला.
"पोचलो." "जेवले." "गोळी घेतलीत का."
मग तुम्ही डोंगरातल्या धबधब्याकडे गेलात
आणि माझ्या "घेतली" समोर एकच टिक.
सकाळपासून रात्रीपर्यंत एकच.
तिच्याकडे बघता बघता दूध उतू गेलं. दोनदा.

तुझा शेवटचा फोटोही अर्धाच उघडला.
वर आभाळ, खाली करडा धुरळा,
मधे ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय,
सराफ्यातल्या कढईत सोडलेली
आणि कधीच तळून न निघणारी जिलबी.

आज रात्री दोन वीसला तुझा आवाज आला.
तिथे पाचाला दहा कमी, आणि तारीख अजून कालचीच.
"अहो, नेट संपलंय. बेकरीच्या वायफायवरून बोलतेय,
ती बाई पाचला शटर ओढते. कार्डाचा नंबर टाकलाय,
आकडा आला असेल, बघा ना, पटकन!"

गुडघा विसरून मी धावलो.

नोकरीची शेवटची दहा वर्षं
रामबागेतल्या काउंटरमागे बसून मी एकच पाढा म्हटला:
आकडा कोणालाही सांगायचा नाही, काका.
मुलाला नाही. बायकोलासुद्धा नाही.
मेसेजातही तेच लिहिलेलं, आकड्याच्या खालोखाल.

खिडकीत उभा राहून मी तो सांगितला,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:
सात. शून्य. तीन.
"तीन की सहा?"
तीन गं, तीन. मग पुन्हा तीन. नऊ.
मध्ये समुद्र खरखरला.
"एक का?"
नऊ! नवरात्रातला नऊ. आणि मग एक.

फोन कटला.
वरच्या पटवर्धनांचा दिवा लागला,
कोणीतरी खोकलं, दिवा गेला.
मी बरणीवर हात ठेवून तसाच उभा.

आधी बँकेनंच सांगितलं, नेहमीच्या कोरड्या भाषेत,
तुमच्या खात्यातून एवढे एवढे वजा झाले.
उभ्या आयुष्यात पैसे जाताना
असं बरं वाटलं नव्हतं.

मग माझ्या मोठ्या फोनवर, एकामागून एक, टिका निळ्या झाल्या.
आणि तो फोटो उघडला.
मला वाटलं होतं, आभाळाखाली समुद्र असेल.
तिथे तुझा तळहात होता.
त्यावर उकललेलं फळ, आत काळी चकचकीत बी,
बीला लाल जाळी घट्ट बिलगलेली.
आणि तुझ्या अंगठ्यावर तीच पट्टी,
निघायच्या सकाळी भेंडी चिरताना कापलं होतं ती.
कडेनं मळलेली.

मी लिहिलं, पट्टी बदल.
बटणांचा फोन चार्जिंगला लावला
आणि दूध तापत ठेवलं,
अडीच वाजले होते तरी.