पाच टरफलं

दोना किटेरियाच्या दाराशी
पाण्याच्या टाकीला टेकून ते झुडूप उभं आहे.
पिन्यांव-रोशू.
कोवळी पानं जांभळी, वय होईल तशी हिरवी,
फुलं एवढी बारीक की माशीलाच दिसावीत.
लावलं कुणी नाही.
उपटलंही नाही.

पोर रात्रभर किरकिरलं, अंगावर प्यायलं नाही,
की आया येतात; मोटारसायकलवर, गाढवावर, पायी.
ती तीन डहाळ्या खुडते,
कपाळ, छाती, पोट, पुन्हा कपाळ.
ओठ हलतात, शब्द कुणाला ऐकू येत नाहीत,
आणि डहाळ्या तिच्या मुठीत माना टाकतात.
"बघ," ती म्हणते, "केवढी नजर होती."

(नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मी हसायचे:
असल्या उन्हात खुडलेलं पान दुसरं काय करणार?
पण माझी दृष्टही हिनंच काढलीय.
दाढ काढल्यावर रक्त थांबेना, तेव्हा
त्याच झाडाचा चीक, कापसाच्या बोळ्यावर.)

सां जुआंवच्या शेकोट्या विझल्या त्या रात्री
दोन वाजता दवाखान्याचं दार वाजलं.
तिच्या खांद्यावर नातू, वांदेर्ले, ओकून ओकून रिकामा,
पदराच्या गाठीत टरफलं.
"पाच बिया. शेंगदाणे समजला.
मी मोजलीत."
सुई शोधता शोधता मी विचारलं,
दृष्ट नाही काढलीस?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मठ्ठ पोराकडे बघावं.
"याला मंत्र नाही, इझाल्दिना.
याला सलाईन."

मग नगरपालिकेचा कागद आला: घराजवळची तोडा.
मी कोयता घेऊन गेले.
दोन घाव घातले, चीक उडाला,
पांढऱ्या कोटावर तपकिरी डाग. लिंबानं गेला नाही, ब्लीचनंही नाही.
तिनं अडवलं नाही. कॉफी दिली.
पंधरा दिवसांत बुंध्याला जांभळे कोंब.

आता भोवती जुन्या पलंगाच्या जाळीचं कुंपण आहे
आणि एक फळी. तिनं सांगितलं, मी रंगवलं:
खाऊ नका.
पान हवं तर आधी मला हाक मारा.
"बरोबर लिहिलंस ना?" अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं,
ओला रंग बोटाला लागला.
तिला वाचता येत नाही.

वांदेर्लेलाही अजून नाही.
म्हणून रोज संध्याकाळी ती त्याला फळीसमोर उभा करते,
त्याचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवते
आणि पाठ असलेलं
त्याच्याकडून वाचून घेते.