फ्रेम एकशे बारा

विश्रामबागेत, दातांच्या दवाखान्याच्या वर
आमचा स्टुडिओ. अकरा खुर्च्या, नऊ चालू मॉनिटर,
आणि परदेशातल्या कुणाच्या तरी मालिकेत
सांगलीत भरला जाणारा रंग.

चित्रं येतात, आवाज येत नाही.
ती: एफ सात, केस निळे, कातडी कोड एकतीस.
तो: एम दोन, जाकीट मोरपंखी, हसू कायमचं.
रेहाना मुजावर त्यांना नावं ठेवते,
म्हणजे खरोखरची: निळावती आणि भाऊसाहेब.
"भाऊसाहेब परत गुडघ्यावर बसलेत गं," म्हणते,
मिरजेहून आणलेला डबा उघडत.

एपिसोड चौदा.
भाऊसाहेब तिच्या खिडकीखाली रात्रभर उभे.
भाऊसाहेब तिच्या मैत्रिणीचं पत्र वाचून
घडी होती तश्शी परत घालतात.
भाऊसाहेबांच्या हातात सूर्यफुलं, इतकी
की तिला दारातून बाहेर पडता येत नाही.
सोबतच्या कागदावर सूचना: आकाश उबदार. प्रसंग गोड.
मी नारिंगी भरला. हळदीपेक्षा एक छटा गडद.

मग मनगट.
ती निघते, तो धरतो. पडद्यावर अर्धा सेकंद.
माझ्याकडं त्याची बारा चित्रं,
आणि एकेक मी ताटाएवढं मोठं करून रंगवते.
एकशे नऊ: बोटं सैल.
एकशे दहा: बोटं विचारतात.
एकशे अकरा: विचारत नाहीत.
एकशे बारामध्ये तिचा खांदा केसभर वर जातो.
कुणीतरी कुठल्या तरी देशात ती रेष काढली होती.
कुणाला तरी माहीत होतं.

फोन थरथरला. पद्मराज.
"शेजारी कोण बसलंय? फोटो टाक."
टाकला. डबा, भेंडी, रेहानाचा अर्धा चेहरा.
"पूर्ण चेहरा टाक."
सातव्या फोनला मी बाथरूममधून बोलले,
तर नळाचा आवाज ऐकव म्हणाला. ऐकवला.
तो वाईट नाही, असं मी तेव्हा रोज म्हणायचे,
जेवणाआधी हात जोडून म्हणावं तसं.
साडेसहाला खाली बुलेट, हँडलला भडंगाची पिशवी,
कांदा वेगळा बांधलेला,
कारण मला मऊ पडलेलं आवडत नाही.
इतकं लक्षात ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं?
आईला शब्द सापडला होता: जीव लावतो.

त्या संध्याकाळी एकशे बारामध्ये
मी तिच्या मनगटावर चार बोटांचा लाल उमटवला.
कोड नसलेला, डोळ्यानं जुळवलेला.
माझी बाही लांब होती. नमुना जवळच होता.

शिर्केसरांनी लगेच पकडलं.
"चौगुले, हिला गांधी उठल्यात काय?
मागच्या चित्रात नाही, पुढच्यात नाही. काढा."
काढला.
कोड एकतीस, बादलीनं ओतल्यासारखा सपाट.

रेहानानं काही विचारलं नाही.
तिच्यातलं लोणचं माझ्या झाकणात ठेवलं, आणि
"आज मागच्या जिन्यानं जाऊ," एवढंच म्हणाली,
"दवाखान्याचा कंपाउंडर ओळखीचाय."
लवंगेच्या तेलाच्या वासातून आम्ही उतरलो.
पुढच्या बाजूला बुलेट हॉर्न देत होती.
शंभर फुटी रस्त्यापर्यंत तो ऐकू येत होता.

एवढं सोपं नव्हतं.
त्यानंतर मी दोनदा पुढच्या जिन्यानंही गेले.
एकदा तर भडंगासाठीच.

परवा भावाकडं, कुपवाडला, टीव्हीवर तोच एपिसोड,
मराठीत. सन्मती मांडी घालून पोहे खात.
मी रिमोट घेऊन ते चित्र थांबवायला बघत होते.
एकदा एकशे आठ आलं, एकदा एकशे वीस.
मधलं हाती लागत नाही.
आणि भाऊसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला,
मऊ, सर्दी झाल्यासारखा:
"काळजी वाटते, म्हणून तर धरतोय."
आकाश माझं, नारिंगी. तेवढं छान आलंय.

"आत्या, ती ओरडत का नाही?"
सन्मती माझ्याकडं बघत होती, टीव्हीकडं नाही.
मी म्हटलं, अगं,
आमच्याकडं आवाज येत नव्हता.