उकार

बर्फाच्या कारखान्यात हिशेब ठेवते मी.
पहाटे होड्या लागल्या की लाद्या मोजायच्या,
त्यानंतर साडेसातपर्यंत जेटीवर फक्त मांजरं.
तेवढ्या वेळात, गारठलेल्या बोटांनी,
मी ज्ञानकोशात आमची खाडी लिहिते.

पहिली ओळ माझी होती :
'वाघूळखाडी. अलीकडच्या काठावर
उंडीच्या झाडांना वाघळं लटकतात, त्यावरून नाव.'
दुसऱ्या दिवशी ओळ गायब.
कारणाच्या रकान्यात : 'वाघळखाडी. वाघळी म्हणजे मासा, साहेब,
ज्याला तुम्ही लोक पाकट म्हणता.'
सदस्यनाव पैलथडी.

मी परत लावली. त्याने परत काढली.
अकरा महिने.
पानाचा इतिहास उघडलात तर
दोन माणसं एकच होडी
दोन्ही काठांवरून ओढताना दिसतील.
दिवसाला तीनदाच उलटवता येतं,
म्हणून चौथा राग आम्ही चर्चापानावर न्यायचो.

तो म्हणाला, माझ्या आज्याच्या पोटरीत
वाघळीचा काटा गेला होता, तीन दिवस तापाने फणफणला.
मी लिहिलं : आज्याची पोटरी हा संदर्भ नाही.
पाठवलं,
आणि डब्यातली भाकरी तशीच घरी आणली.

बाकी पानावर मात्र आमचं बरं चालायचं.
खोली त्याने वावांत दिली, मी मीटरांत केली.
मी चिपी लिहिली, त्याने तिवर, कांदळ जोडले.
मस्कतहून 'वेलांटी' नावाचा कुणी येई,
नावाच्या भांडणात पडत नसे,
नुसते ऱ्हस्व-दीर्घ नीट करून जाई,
झाडलोट करून न बोलता निघून जाणाऱ्या माणसासारखा.

मग एका मंगळवारी त्याने पावती चढवली.
जुन्या तरीची. कागद डाळीच्या रंगाचा,
मधोमध घडीची फट.
'वाघळखाडी तर. माणूस एक. कोंबड्या दोन.
पंधरा पैसे.'
खाली सही : सो. भि. शिवलकर.

माझे बाबा.

लिहिता आलं असतं मला
की कारकून घाईत होता, वल्हं पाण्यात पडलं होतं,
एक उकार राहून गेला.
कोण तपासणार होतं?
पण त्याच पावतीवर 'माणूस' आहे,
आणि त्या णू-खाली बाबांचा तो उकार,
गळासारखा वळलेला,
अक्षराला सुटू न देणारा.
पाटीवर एवढ्याचसाठी
बोटांवर पट्टी खाल्ली आहे मी.

दोन लाद्यांचा हिशेब चुकला त्या सकाळी.
मग लिहिलं : 'हा कारकून उकार विसरत नसे.
"माणूस" बघावा. अक्षर ओळखते मी.
मात्र खाजगी कागद पुरावा म्हणून चालत नाही,
नियम तुम्हालाही लागू.'

दोन दिवस पलीकडून काही नाही.
तिसऱ्या दिवशी पावती त्यानेच काढली.
चर्चापानावर चार ओळी :
'बरोबर आहे. घरातला कागद चालत नाही,
हे तुम्हीच शिकवलंत.
आईच्या पेटीत होती. कोंबड्या तिच्या.
निजाम सोलकर.'

मीही खाली नाव लिहिलं. पूर्ण. आडनावासकट.
त्यावर तो काही बोलला नाही, फक्त
साहेब म्हणायचा थांबला.

आता पानावर दोन्ही नावं आहेत,
दोन्हींच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा'.
आधी कुठलं, नंतर कुठलं,
यावर गेल्या शनिवारपासून नवा वाद आहे.
वेलांटीने मध्ये येऊन
'किंवा'चा पहिला स्वर ऱ्हस्व ठेवला, तेवढाच काय तो शांत.

संध्याकाळी कारखान्याचं शटर ओढताना
आमच्या उंड्यांवरची वाघळं उठतात
आणि पाण्यावरून पलीकडे जातात,
सोलकरांच्या बागेतले बोंडू खायला.
कुठल्याही पुस्तकात याची नोंद नाही.
मी रोज बघते.
बघणं हा संदर्भ नाही, ठाऊक आहे मला.