माणसं मिळतात

नियमात लिहिलं होतं: कमाईतला अमुक वाटा
इथेच खर्च करावा लागेल,
इथल्या माणसांवर, इथल्या गोष्टींवर.
दिल्लीहून निघालेला तो नियम
मुंबईत थांबला, जेवला,
आणि मार्चमध्ये लोकमान्य नगरात उतरला
तीन व्हॅनिटी व्हॅन घेऊन.

मला बूम धरायचं काम लागलं.
त्याआधी सहा वर्षं मी लग्नांवर ड्रोन उडवत होतो.
त्याच्याही आधी आमच्या इंदूरच्या केबलवर
दर गुरुवारी अर्धा तास मराठी असायचं:
गणेशोत्सवातली एकांकिका, बालवाडीचं स्नेहसंमेलन,
कुणाची तरी पंच्याहत्तरी.
जाहिरात एकच, रामबागेतल्या पिठाच्या गिरणीची.
तो अर्धा तास कुणी बंद केला नाही.
सेट-टॉप बॉक्स आला
आणि तो त्यात मावला नाही, बस.
म्हणून सांगतो, नियम हवाच.
तीन महिने घरभाडं वेळेवर गेलं,
हे मी कशाला लपवू?

कुमुद मुंगींना एकच वाक्य होतं.
वय एकाहत्तर. एम.वाय.मध्ये पस्तीस वर्षं सिस्टर.
जिन्यात उभं राहून म्हणायचं,
"तुझा भाऊ काल राजवाड्याजवळ मला भेटला."
त्या म्हणाल्या,
"तुझा भाऊ काल राजवाड्यावर मला मिळाला."

कट.

भाषेसाठी नेमलेला मुलगा पुण्याचा, सालस.
चष्मा पुसत म्हणाला, काकू,
वस्तू मिळतात. माणसं भेटतात.
कुमुदताई त्याच्याकडे बघत राहिल्या,
रात्री दोन वाजता वॉर्डात शिरलेल्या
नातेवाइकाकडे बघावं तशा.
"आमच्याकडे मिळतात रे," म्हणाल्या,
"आणि कितीदा तर
हरवलेलेच मिळालेत."

टेक दोन: मिळाला.
टेक तीन: भे... मिळाला.
टेक चारला सगळं जमलं,
फक्त वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी.
माझा खांदा भरून आला होता
तरी मनात म्हणत होतो,
चुका अजून, चुका.

संध्याकाळी हिशेबाच्या तक्त्यात
'स्थानिक' या रकान्यात गेले
पोहे, जनरेटर, दोन टेम्पो,
बंदोबस्ताचा चहा,
मुंगींचा जिना, मुंगी.
क्रियापदाला रकाना नव्हता.

मालिका आली. भाच्याच्या फोनवर पाहिली.
जिन्यात तोच तिरपा उजेड,
भिंतीवर तीच पानाची पिंक,
जी पुसून, आर्टवाल्यांनी
पुन्हा नीट रंगवली होती.
गोष्ट मात्र आता नाशकात घडते,
तिकडे बघणारे जास्त.
कुमुदताईंचे ओठ म्हणतात राजवाडा,
अंधेरीतल्या कुण्या बाईचा गोड आवाज म्हणतो पंचवटी.
ओठ म्हणतात मिळाला.
आवाज म्हणतो भेटला.

पैसा खरोखर इथेच पडला.
पावत्या आहेत.
तक्रार करायची तर कसली,
आणि ती कुठल्या शब्दात?

टेक चार माझ्याकडे आहे, शिट्टीसकट.
कुणाला ऐकवत नाही.

परवा रात्री कुमुदताई सराफ्यात मला मिळाल्या.
हातात भुट्ट्याचा कीस, वरून जिरावण.
विचारत होत्या, दुसऱ्या भागात बोलावतील का रे?
म्हटलं, कळवतो.
पण या वेळी
वाक्य पाठ करून येऊ नका.