तळघर, हिंगणा रोड

ब्रेसाँ बाईंच्या तळघरात बारा अंश, बाराही महिने.
भिंतीवर अकरा पिढ्यांची नावं कोरलेली.
बाई फक्त एक, तीही नवरा गेल्यावर:
'विधवा ब्रेसाँ'.
तिचं स्वतःचं नाव घरातही कुणाला ठाऊक नाही.

तिथे मी थुंकायला शिकले.
घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा,
आणि पितळी भांड्यात अशी बारीक धार सोडायची
की शेजारच्याच्या बुटावर थेंब नको.
मला सीताबर्डीचे जिने आठवले,
खर्र्यानं रंगलेले कोपरे.
हसू आलं, ठसका लागला,
सत्तर सालची द्राक्षं नाकात गेली.

निघताना बाईंनी खडू दिला,
पिंपावर तारीख घालायचा.
म्हणाल्या, माती नेऊ देत नाहीत,
आणि थंडी तुला नेता येणार नाही.

इथे पत्र्याची शेड. बाहेर सेहेचाळीस.
तीन कूलर, वाळ्याच्या ताट्या,
टाकीभोवती ओलं गोणपाट,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं.
काटोलची संत्री, मृगबहाराची शेवटची.
नत्थूकाका सोलता सोलता म्हणाले,
'काहून वं, इतका चांगला माल सडवून राह्यली?'

पहिली टाकी कडू निघाली.
बिया राहिल्या असतील, किंवा पांढरी साल,
किंवा माझीच घाई.
वरून वाळ्याचा वास, माठातल्या पाण्यासारखा.

रात्री बाईंना फोन लावला.
माझी फ्रेंच मोडकी, त्यांचे कान अर्धे.
कडू झालीय, म्हटलं. किती?
कडुलिंबाइतकी.
त्यांनी कडुलिंब पाहिलेला नाही.
मग बराच वेळ माझ्याकडून नुसता कूलरचा आवाज.
मग त्या म्हणाल्या:
सगळ्या वह्या आहेत माझ्याकडे.
कधी गारा पडल्या, मुळं खाणारी कीड कधी आली,
युद्धात किती पिंपं भिंतीआड लपवली.
पहिल्या वर्षीची चव मात्र
कुणी लिहून ठेवलेली नाही.
का नसेल लिहिली, सांग बरं.

सकाळी टाकीवर खडूनं तारीख घातली.
खाली लिहिलं: कडू.
त्याखाली माझं नाव, आडनावाला जागा उरली नाही.

नत्थूकाकांना पेला दिला.
ते आधी बाहेर जाऊन खर्रा थुंकून आले,
चूळ भरली, टोपी नीट केली.
घोट घेतला.
तोंड वाकडं झालं, डोळे मिटले,
पण गिळला.